विश्लेषण : कुत्र्याला 'लूत' का लागते? जळके ऑइल लावल्याने ती बरी होते का?

गल्लीतल्या एखाद्या कुत्र्याच्या अंगावरचे केस झडू लागतात, कातडी जाड आणि काळपट होते, ते दिवसभर खाजवत राहते. 'लूत लागली' म्हणून लोक त्याला हाकलतात किंवा दया येऊन गॅरेजमधले जळके ऑइल अंगावर ओततात. दोन्हींची गरज नाही. हा आजार औषधांनी बरा होतो.

लूत कशामुळे होते?

माइट या आठ पायांच्या, कोळ्याच्या वर्गातील अतिसूक्ष्म जीवांमुळे. यात दोन प्रकार मुख्य आहेत.

सारकॉप्टिक : मादी माइट कातडीत बोगदा करून अंडी घालते. अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. कानाच्या कडा, कोपरे आणि पोटावर प्रचंड खाज सुटते. कानाची कड चोळली की अनेक कुत्री मागचा पाय खाजवल्यासारखा हलवतात. हा प्रकार संसर्गजन्य आहे.

डेमोडेक्टिक : हे माइट केसांच्या मुळाशी राहतात. पिल्लू दूध पीत असताना आईकडून ते त्याच्या अंगावर येतात आणि बहुतेक कुत्र्यांना त्रास देत नाहीत. प्रतिकारशक्ती कमी पडली की त्यांची संख्या वाढते, डोळ्यांभोवती आणि पायांवरचे केस जातात. सुरुवातीला खाज कमी असते. हा प्रकार सहसा दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही.

माणसाला होते का?

सारकॉप्टिक प्रकारात हात, पोट अशा ठिकाणी खाजरे पुरळ येऊ शकते. मात्र कुत्र्याचा माइट माणसाच्या कातडीत वंश वाढवू शकत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की पुरळही बहुधा जाते. न गेल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

निदान कसे होते?

पशुवैद्यक कातडी खरवडून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सारकॉप्टिक माइट अनेकदा नमुन्यात सापडत नाही. त्यामुळे अहवाल निगेटिव्ह असला तरी लक्षणांवरून उपचार सुरू केले जातात.

उपचार काय?

फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर यांसारख्या औषधांच्या चघळायच्या गोळ्यांमुळे उपचार सोपे झाले आहेत. पकडू न देणाऱ्या भटक्या कुत्र्यालाही त्या खाण्यातून देता येतात. पण डोस वजनावर ठरतो. फिट येणाऱ्या कुत्र्यांना या गोळ्या जपून द्याव्या लागतात, म्हणून डॉक्टरांचा सल्ला हवाच.

आयव्हरमेक्टिन हे औषध जुने आणि स्वस्त आहे. परंतु कोलीसारख्या जातींच्या अनेक कुत्र्यांमध्ये एका जनुकीय दोषामुळे ते मेंदूत साचून जीवघेणे ठरू शकते. गुरांसाठीचे इंजेक्शन अंदाजाने देणे म्हणूनच धोक्याचे आहे.

डेमोडेक्टिक लूत अंगभर पसरली असेल तर उपचार काही महिने चालतात. केस परत आले म्हणून औषध थांबवू नका. महिन्याच्या अंतराने दोन नमुने माइटमुक्त यावे लागतात. लहान पिल्लाच्या अंगावर एखाद-दुसराच चट्टा असेल तर तो अनेकदा आपोआप बरा होतो.

हे टाळा

- जळके ऑइल, रॉकेल : कातडी भाजते, शिवाय कुत्रे अंग चाटते आणि विष पोटात जाते.
- स्वतःच्या मनाने स्टिरॉइड : खाज थांबते, पण प्रतिकारशक्ती घटून डेमोडेक्टिक लूत बळावते.

हे करा

- सारकॉप्टिक लूत असल्यास घरातल्या सगळ्या कुत्र्यांवर एकाच वेळी उपचार करा.
- अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा.
- वयस्क कुत्र्याला अचानक डेमोडेक्टिक लूत लागली तर थायरॉइडसारखा आत दडलेला आजार तपासून घ्या.