मुलांचे कृत्रिम फुप्फुस : धाग्याच्या धंद्यातील नवी वाट

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या मे महिन्यात, चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने आपल्या इथेनॉल प्रकल्पात फेरबदल करून रुग्णांसाठी प्राणवायू तयार केला. हवेतील नायट्रोजन झिओलाइटच्या दाण्यांत अडकवायचा व उरलेला प्राणवायू सिलिंडरमध्ये भरायचा, अशी ही रीत. उसाच्या कारखान्यातून दवाखान्याचा माल निघू शकतो, हे त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्याने दाखवून दिले.

परंतु प्राणवायू कितीही असला तरी तो रक्तात मिसळण्यासाठी फुप्फुस धड हवे. ज्या बालकाचे फुप्फुसच निकामी झाले, त्याने काय करावे?

अशा वेळी मोठ्या शहरांतील रुग्णालये 'एक्मो' यंत्र लावतात. शरीरातील रक्त नळीने बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून, कार्बन डायऑक्साइड काढून ते परत सोडले जाते. १९७५ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी या यंत्रावर एका नवजात मुलीचा जीव वाचवला. पण यात मूल खाटेला जखडले जाते. दिवस जातात तशी त्याच्या अंगातील ताकद जाते, आणि बिल काही लाखांवर पोचते. म्हणूनच अमेरिकेतील मिशिगन व कार्नेगी मेलन विद्यापीठांतील संशोधक अंगावर बाळगता येईल असे फुप्फुस घडवत आहेत. ते लावून मुलाने उठावे, खेळावे, आणि स्वतःचे फुप्फुस सुधारेपर्यंत किंवा दुसरे मिळेपर्यंत तग धरावा, हा हेतू आहे.

आत आहे काय?

वाचकांना नवल वाटेल, पण या यंत्राचा गाभा विणलेल्या धाग्यांचा आहे. पॉलिमिथिलपेंटीन नावाच्या प्लास्टिकचे, आतून पोकळ, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक धागे चटईसारखे गुंफून त्यांची गुंडाळी करतात. धाग्याच्या आतून प्राणवायू वाहतो, बाहेरून रक्त. जर्मनीतील वुपरताल हे या धाग्याचे नावाजलेले ठिकाण.

अडचणी दोन. परक्या वस्तूला स्पर्श होताच रक्त गोठते, त्यामुळे धाग्यांची गुंडाळी काही दिवसांत किंवा आठवड्यांत बदलावी लागते. दुसरी अडचण लहान शरीराची. दहा किलोच्या मुलाच्या अंगात रक्त जेमतेम ८०० मिलिलिटर असते. यंत्रानेच त्यातला मोठा वाटा अडवला तर बाहेरचे रक्त द्यावे लागते. म्हणून मुलांसाठी मोठ्यांचे यंत्र नुसते छोटे करून चालत नाही. रक्ताची वाट, धाग्यांची दाटी, सारे नव्याने बसवावे लागते. काही नमुन्यांत पंपाऐवजी हृदयाच्याच जोरावर रक्त फिरवण्याचा विचार आहे.

आपल्या उद्योजकांनी काय करावे?

भिवंडी, मालेगाव, सोलापूर, इचलकरंजी येथे यंत्रमागावर पिढ्या खपल्या. साड्या, चादरी, टॉवेल यांतील नफा किती उरला, हे मालकांनाच विचारावे. धाराशिवजवळ कौडगाव येथे तांत्रिक वस्त्रोद्योगाची योजना मांडली गेली आहे. पोकळ धाग्याची चटई हा त्याच जातीचा माल होय. मात्र उद्याच फुप्फुस बनवू, असे कोणी म्हणू नये. पट्ट्या, नळ्या, जोडण्या अशा सोप्या मालापासून सुरुवात करून मग डायलिसिसच्या गाळणीकडे व त्यानंतर फुप्फुसाकडे वळणे शहाणपणाचे. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार मालाचे जोखमीप्रमाणे अ ते ड असे चार वर्ग आहेत व त्यांतील बहुतेक मालासाठी परवाना लागतो. गुणवत्तेसाठी आयएसओ १३४८५ प्रमाणपत्र मागितले जाते.

यासाठी धीर हवा. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची देशी झडप तयार करताना पहिले तीन नमुने फसले. चौथा १९९० मध्ये रुग्णाला बसवला गेला. पुढे टीटीके कंपनीने ती झडप बाजारात आणली.

पालकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंगावर बाळगायचे मुलांचे फुप्फुस अजून प्रयोगशाळेतच आहे. ते मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितल्यास त्याला दारातूनच परत पाठवावे.

धाराशिवमध्ये २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. तेथील डॉक्टर, तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी आणि मागावरचा कारागीर एका बाकावर बसले, तर कारागिराच्या हाताला नवे काम मिळेल आणि एखाद्या मुलाचा श्वासही त्यातून चालेल.