बॉनच्या वहीतले दोन लुडविग

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक कॅथलिक पॅरिशमध्ये बाप्तिस्म्याची आणि विवाहाची वही ठेवणे बंधनकारक केले, तर प्रॉटेस्टंट प्रांतांत काही ठिकाणी ही प्रथा त्याआधीच रुळली होती. त्यामुळे १८७६ मध्ये साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्मनोंदणी लागू होईपर्यंत सामान्य कुटुंबाचा माग मुख्यतः धर्मगुरूच्या हस्ताक्षरातूनच काढावा लागतो.

हे हस्ताक्षर बहुधा ‘कुरेंट’ नावाच्या धावत्या लिपीतले असते. तिच्यात ‘ई’ आणि ‘एन’ जवळजवळ सारखे दिसतात, ‘यू’ केवळ डोक्यावरच्या बारीक कमानीमुळे ओळखू येतो आणि ‘एम’ किंवा ‘एन’वर आडवी रेघ असल्यास ते अक्षर दोनदा वाचायचे असते, मोडी वाचणाऱ्याला याचे फारसे नवल वाटू नये. कॅथलिक वह्यांत भाषा बहुतेक वेळा लॅटिन असते. त्यांतील ‘७ब्रिस’ म्हणजे जुलै नव्हे तर सप्टेंबर, कारण जुन्या रोमन गणनेत वर्ष मार्चपासून सुरू होत असे. त्याच न्यायाने रोमन दहाचा आकडा डिसेंबर दाखवतो. प्रॉटेस्टंट प्रांतांत १७०० साली १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च उजाडला, हेही ध्यानात ठेवावे लागते. एवढे सारे तक्त्यांवरून जमते. खरी कसोटी अक्षरे लागल्यानंतरची आहे आणि तिचे सर्वांत बोलके उदाहरण बॉनमधील सेंट रेमिगियुस पॅरिशच्या वहीत आहे.

तेथील १७ डिसेंबर १७७०च्या नोंदीत बालकाचे नाव ‘लुडोविकुस’ (पुढे संगीतकार झालेला लुडविग), पिता ‘योआनेस फान बीथोव्हेन’ आणि माता ‘हेलेना केवेरिख्स’ असे लिहिले आहे. धर्मपिता म्हणून आजोबा लुडोविकुस आहेत, तर धर्ममाता ‘गेर्ट्रुडिस म्युलर्स, डिक्टा बाउम्स’, म्हणजे बाउम या नावाने ओळखली जाणारी शेजारीण. संगीतकाराच्या आईचे नाव मात्र मारिया माग्डालेना होते. घरात रुळलेले ‘लेना’ ऐकून लिहिणाऱ्याने ते आपल्या समजुतीने ‘हेलेना’ केले असावे. केवळ माग्डालेना शोधणारा संशोधक या ओळीवरून सरळ पुढे जाईल. जन्मतारीख नोंदीत नाहीच. १६ डिसेंबर ही तारीख बाप्तिस्मा लगोलग उरकण्याच्या प्रथेवरून बांधलेला अंदाज आहे.

याच नोंदीवर खुद्द बीथोव्हेनचा विश्वास बसला नाही. १८१० साली, बहुधा लग्नाच्या विचारात असताना, त्याने व्हिएन्नाहून बालमित्र व्हेगेलर याला बाप्तिस्म्याचा दाखला मागवण्याविषयी लिहिले आणि बजावले की, आपल्याआधी लुडविग नावाचाच, पण ‘मारिया’ हे जोडनाव असलेला एक भाऊ होऊन वारला आहे, तेव्हा गल्लत होऊ देऊ नये. बॉन तेव्हा फ्रेंच अमलाखाली असल्याने तेथील नगरपालिकेचा उतारा फ्रेंच भाषेत आला. त्यातील १७७० हे साल अचूक असूनही बीथोव्हेनने त्याच कागदावर १७७२ लिहून दाखला चुकीचा ठरवला. त्याची शंका पद्धत म्हणून निर्दोष होती, कारण दगावलेल्या मुलाचे नाव पुढच्या मुलाला देणे सर्रास चाले आणि वंशावळी सर्वाधिक तेथेच फसतात. पण शंका घेतल्यावर जे करायला हवे ते झाले नाही: थोरल्या लुडविग मारियाचा बाप्तिस्मा २ एप्रिल १७६९ रोजी झाला आणि तो सहा दिवसांतच गेला, हे पाहिले असते तर १७७०ची नोंद धाकट्याचीच ठरली असती.

ही चुकीची समजूत कोठून आली याचा चरित्रकार मेनार्ड सॉलोमन यांनी मनोविश्लेषणाच्या अंगाने विचार केला आहे. तो विचार वाचनीय खरा; परंतु मार्च १७७८ मध्ये कोलोनच्या मैफलीच्या जाहिरातीत सात पूर्ण झालेल्या मुलाला बापाने सहा वर्षांचा म्हटले होते, आणि लहानपणी असे वय सांगितले गेल्यावर पुढच्या गोंधळाला फार खोल कारण शोधण्याची गरज राहत नाही.

चरित्रकारही या सापळ्यातून सुटले नाहीत. अँटवर्प येथे डिसेंबर १७१२ मध्ये बाप्तिस्मा झालेला लुई फान बीथोव्हेन हाच संगीतकाराचा आजोबा, असे दीर्घकाळ छापले जात होते. १९२७ मध्ये रेमोंड फान आर्डे यांनी मेखेलेनच्या वह्यांतून दाखवून दिले की तो केवळ नावाचा सारखेपणा होता आणि खऱ्या आजोबाचा बाप्तिस्मा १७१२च्याच जानेवारीत मेखेलेनला झाला होता.