शिक्षा ठरवताना आयुष्य वाचायचं कोणी?

अमेरिकेत मृत्युदंडाचा खटला दोन टप्प्यांत चालतो. पहिल्या टप्प्यात ज्यूरी एवढंच ठरवते, की गुन्हा याने केला का? दोषी ठरला की दुसरा टप्पा: आता याला मृत्युदंड द्यायचा की जन्मठेप? या दुसऱ्या टप्प्यात त्या माणसाचं आयुष्य हाच पुरावा असतो. घर, शाळा, आजारपण, नोकरी, सगळं.

हे आलं कुठून? १९७६ साली ‘वुडसन विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना’ खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अमुक गुन्ह्याला सरसकट मृत्युदंड, असा कायदा घटनेत बसत नाही. १९७८ च्या ‘लॉकेट विरुद्ध ओहायो’मध्ये पुढचं पाऊल पडलं: शिक्षा सौम्य व्हावी म्हणून आरोपीला आपल्या पार्श्वभूमीतली कुठलीही गोष्ट मांडू दिली पाहिजे.

कागदावर हे छान आहे. पण ती माहिती गोळा कोण करणार?

जॉर्ज पोर्टरचं उदाहरण बघा. १९८६ मध्ये फ्लोरिडातल्या मेलबर्न शहरात त्याने आपली आधीची मैत्रीण आणि तिचा मित्र या दोघांचा खून केला. गुन्ह्याबद्दल वाद नव्हता. खटला चालू असताना त्याने स्वतःच कबुली दिली. शिक्षेच्या टप्प्यासाठी मिळालेला वकील त्याला त्याबद्दल एकदाच, तेही थोडाच वेळ भेटला. शाळेचे, दवाखान्याचे, सैन्याचे कागद मागवले नाहीत. घरच्यांशी बोलणंही नाही. पोर्टर हा माणूस कोण, हे ज्यूरीला जवळजवळ कळलंच नाही. मृत्युदंड झाला.

पुढे अपिलाच्या काळात दुसऱ्या वकिलांनी शोध घेतला. बाप घरात बेदम मारायचा; एकदा पोराला घरी यायला उशीर झाला म्हणून त्याच्यावर गोळीही झाडली होती. त्या घरातून सुटण्यासाठी पोर्टर सतराव्या वर्षी सैन्यात भरती झाला आणि कोरियाच्या युद्धावर गेला. कुनुरीच्या लढाईत त्याची तुकडी पाच दिवस जेमतेम अन्न-झोपेवर लढत मागे हटत होती. तिथे तो जखमी झाला, आणि तीन महिन्यांच्या आत चिप्योंगनीला पुन्हा. हे सगळं त्याच्या कमांडरने साक्षीत सांगितलं. युद्धानंतर त्याला भयानक स्वप्नं पडायची.

३० नोव्हेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला: वकिलाने किमान शोधही घेतला नाही, आणि त्यामुळे शिक्षेवर परिणाम झाला असण्याची शक्यता खरी आहे. ‘अशीलच सहकार्य करत नव्हता’ ही सबब चालली नाही. तो विनापरवानगी सैन्य सोडून गेला होता, म्हणून त्याची लढाईतली कामगिरी शून्य ठरत नाही, हेही न्यायालयाने सांगितलं.

इथे एक प्रश्न हमखास येतो: वाईट बालपण तर लाखोंचं असतं, ते सगळे खून करतात का? नाही करत. म्हणूनच पोर्टर निर्दोष आहे, असं कोणी म्हटलंच नाही. मारल्या गेलेल्या दोघांचं दुःखही त्याने हलकं होत नाही. प्रश्न फक्त दोन कठोर शिक्षांपैकी कुठली, एवढाच होता. आणि तो अर्धा माणूस बघून सोडवता येत नाही.

भारतातही हेच तत्त्व आहे. १९८० च्या बच्चन सिंग निकालाने गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करायला सांगितलं. तरी माहिती गोळा करायची कोणी, हा प्रश्न तिथेही उरलाच. २०२२ मध्ये ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती जबाबदारी सरकारवरही टाकली: कुटुंब, शिक्षण, आर्थिक स्थिती, नोकरी-धंदा, इतकंच काय, तुरुंगातलं वागणं आणि तिथे केलेलं काम, हे सगळं खालच्या कोर्टातच समोर यायला हवं.

तुमच्यापैकी जे अमेरिकेचे नागरिक आहेत, त्यांना कधी ना कधी ज्यूरी ड्यूटीचं पत्र येईल. मृत्युदंड असलेल्या बहुतेक राज्यांत त्यासाठी बाराही जणांचं एकमत लागतं. फ्लोरिडात २०२३ पासून आठ पुरतात. तशा खटल्यात बसायची वेळ आलीच, तर पुराव्यात काय दाखवलं हे तर बघाच. आणि हेही बघा, की या माणसाचे कागद कोणी मागवले होते का?