राजे गेले, कारभारी राहिला

बँकेत माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर अध्यक्षांची तसबीर असे. अध्यक्ष बदलले की शिपाई स्टुलावर चढून जुनी उतरवी, नवी टांगे. खिळा मात्र तोच. किती तसबिरी त्यावर चढल्या नि उतरल्या, आता आठवत नाही. फंग दाओ या चिनी प्रधानाचे चरित्र वाचताना मला तो खिळा आठवला.

इ. स. ९०७ मध्ये थांग घराणे बुडाले आणि चीनमध्ये सरदारांची सुंदोपसुंदी माजली. ज्याच्या हाती फौज, तो बादशहा! ९६० पर्यंतच्या त्रेपन्न वर्षांत उत्तरेत पाच घराणी गादीवर आली नि गेली. ८८२ मध्ये जन्मलेल्या फंग दाओने त्यांतल्या चार घराण्यांची चाकरी केली, शिवाय मध्येच चालून आलेल्या खितानांच्या बादशहाचीही. एकूण बादशहा दहा-अकरा. आपल्याकडे ‘नवा गडी नवं राज्य’ म्हणतात. इथे राज्य दरवेळी नवे, गडी जुनाच.

पण हा गडी लाळघोट्या नव्हता. त्याचा पहिला धनी आजच्या बीजिंगच्या बाजूचा एक सरदार. ‘ही स्वारी करू नका’ असे त्याला सांगितले, म्हणून फंग दाओ तुरुंगात गेला. सुटल्यावर त्याने दुसऱ्या सरदाराची छावणी गाठली. तिथे तो गवतावर झोपे, नोकरांबरोबर जेवे. लुटीत धरून आणलेल्या बायका सेनापती त्याला नजर करीत. तो त्यांना वेगळ्या घरी ठेवी आणि नातेवाईक शोधून परत पाठवी. वडील वारले तेव्हा सुतकाच्या काळात गावी राहिला. दुष्काळ होता. घरात होते ते वाटले आणि ज्यांना नांगरणी जमत नव्हती त्यांची शेते रात्री गुपचूप नांगरली, असे सांगतात.

९२७ मध्ये तो प्रधान झाला. बादशहा मिंगझोंग सैन्यात वाढलेला, अक्षरओळख नसलेला, पण भला माणूस. पिके चांगली येत होती, राज्य निवांत होते. तेव्हा फंग दाओने त्याला आपलीच एक फजिती सांगितली. एका कामगिरीवर जाताना वाटेत अवघड घाट होता. घोडा घसरेल म्हणून लगाम घट्ट धरला, घाट सुखरूप उतरला. सपाटीवर आल्यावर हात सैल सोडला आणि तिथेच आपटला! बादशहाला काय समजायचे ते समजले.

९३२ मध्ये त्याने एक मोठे काम सुरू केले. कन्फ्यूशियस परंपरेचे मूळ ग्रंथ लाकडी ठशांवर कोरून सरकारी खर्चाने छापायचे. काम एकवीस वर्षे चालले. मध्ये तीन घराणी बुडाली, राजधानी लुटली गेली, पण कोरणाऱ्यांचे हात थांबले नाहीत. ९५३ मध्ये ग्रंथ पुरे झाले.

आता त्याच्या खात्यातली उधारीची बाजू. ९३४ मध्ये एक बंडखोर राजपुत्र राजधानी लोयांगवर चालून आला. बादशहा पळाला; पण तो अजून जिवंत होता. फंग दाओने हाताखालच्या अधिकाऱ्याला सांगितले, नव्याला गादी घेण्याची विनंती करणारा मसुदा कर. अधिकारी अडला. फंग दाओचे म्हणणे, व्यवहार बघायला हवा.

हे वाचून मी पुस्तक मिटले. एका कर्जप्रकरणावर मी एकदा प्रतिकूल शेरा मारला होता. वरून कागद परत आला, ‘फेरविचार व्हावा’. मी तो केला. घरी दोन मुली शिकत होत्या.

९४७ मध्ये खितानांनी कायफेंग घेतले. त्यांचे घोडेस्वार गावे लुटत होते. या जनतेला कसे वाचवावे, असे त्यांच्या बादशहाने विचारले. फंग दाओ म्हणाला, बुद्ध अवतरला तरी वाचवू शकणार नाही, फक्त तुम्हीच वाचवाल. खुशामत? होय. पण त्या एका वाक्याने सरसकट कत्तल टळली, असे लोक मानत.

पुढच्या शतकातल्या ओउयांग शिऊ या इतिहासकाराने हे नोंदवले, तरी त्याला निर्लज्ज ठरवले. शेजारी गोष्ट दिली ती एका विधवेची. नवऱ्याच्या अस्थी घेऊन निघालेल्या तिला खाणावळवाल्याने दंड धरून बाहेर काढले, तर परपुरुषाचा स्पर्श झाला म्हणून तिने तो हातच तोडला. मला मात्र त्या बाईबरोबर असलेल्या लहान मुलाची काळजी लागली. सोळाव्या शतकातल्या ली झी या बंडखोर विचारवंताने उलट निवाडा दिला : राजे बदलले, पण या माणसामुळे रयत वाचली.

९५४ मध्ये गादीवर नवा, तरुण बादशहा होता. शत्रू चालून येताच तो स्वतः लढाईला निघाला. आयुष्यभर वाकलेला म्हातारा या वेळी हटून बसला : जाऊ नका. बादशहा म्हणाला, माझी फौज म्हणजे अंड्यांवर कोसळणारा डोंगर. आपण डोंगर होऊ शकाल का, असे फंग दाओने विचारले. बादशहा संतापला, गेला आणि जिंकून आला. फंग दाओला त्याने आधीच्या बादशहाच्या दफनाच्या कामावर धाडले होते. ते आटोपल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला.