शर्यत त्यांची, मोडतोड कोणाची?



गेल्या फेब्रुवारीत आम्ही आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी खोडव्याच्या पाहणीला गेलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही. तिथली मंडळी हा अंक वाचतात आणि आम्हाला ऊसनोंदीला पुन्हा त्याच गावात जायचे आहे. आदल्या दिवशी यात्रेची शर्यत झाली होती. सकाळी पोहोचलो तर शेताचा मालक बांधावर बसलेला. "साहेब, बघा आमची दशा," एवढेच म्हणाला.

झाले होते ते असे. पाचव्या गटात दोन छकड्या शेजारशेजारच्या फाटीतून पळत होत्या. आतल्या गाडीची बैलं एकाएकी बाहेर ओढली, चाकात चाक अडकले आणि एक गाडी उलटली. दुसरीचे जू मोडले. सुटलेली जोडी सरळ माणसांत घुसली. दहावीतल्या एका पोराच्या गळ्याजवळचे हाड मोडले. उलटलेल्या गाडीच्या एका बैलाचा पुढचा पाय गेला. माणसं पळाली ती शेजारच्या खोडव्यात, आणि तिथे आधीच पन्नासभर मोटारसायकली लावलेल्या होत्या. दुपारपर्यंत खोडव्याचे दहा-बारा गुंठे सपाट झाले आणि ठिबकच्या नळ्या जागोजागी फुटल्या.

दुपारी देवळाच्या पारावर बैठक बसली. आम्ही आयतेच सापडलो म्हणून आम्हालाही बसवले. चौघांच्या चार मागण्या होत्या. उलटलेल्या गाडीवाल्याला दुसऱ्या गाडीवाल्याकडून बैलाची किंमत हवी होती. दुसरा म्हणे, माझं जू मोडलं ते कोण देणार? पोराच्या बापाला दवाखान्याचा खर्च हवा होता. आणि खोडव्याचा मालक आमच्याकडे बोट करून म्हणाला, "मंडळाचा अध्यक्ष कारखान्याचा सभासद हाय. त्याच्या बिलातनं कापा आन् मला द्या."

बैठक रात्रीपर्यंत चालली आणि काही न ठरता उठली. घरी परत येताना आम्ही विचार केला की हा प्रश्न एका गावाचा नाही. आपल्या निम्म्या सभासदांच्या दावणीला किंवा भावकीत एखादी पळणारी जोडी आहे, आणि बाकीच्या निम्म्यांचे रान कोणत्या ना कोणत्या मैदानाच्या शेजारी आहे. तेव्हा भरपाई कोणी द्यायची, याबद्दल आमचे मत एकदा स्पष्ट मांडावे.

आधी थोडे मागचे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले, तरी प्रकरण कोर्टात अडकले. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना वाट मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा कायम केला. म्हणजे साडेसात वर्षे मैदाने बंद होती, निदान कागदावर तरी. त्या काळात आपल्या भागात एक मोठा बदल झाला, तो कोणी ध्यानात घेतला नाही. जत तालुक्यात पूर्वी शर्यत भरायची ती उघड्या माळावर. गाडी कुठेही गेली तरी कुसळं आणि दगड. कोणाचे काही जायचे नाही. पुढे म्हैसाळचे पाणी जसजसे पुढे सरकले तशी माळाची राने फुटली, कुठे डाळिंब, कुठे द्राक्ष, कुठे ऊस आला. मैदान मात्र जुन्याच जागी राहिले. आज त्याच्या दोन्ही अंगांना उभे पीक आहे, ठिबक आहे, त्यावर सोसायटीचे कर्ज आहे. जुन्या माळाचा रिवाज नव्या रानावर लावायचा म्हटले की भांडण होणारच.

तो जुना रिवाज काय? "ज्याचं त्यानं सोसायचं." मैदानात गाडी घातली की चाक मोडो, जू मोडो, दुसऱ्याकडे बोट दाखवायचे नाही. आम्ही म्हणतो, गाडीवाल्या-गाडीवाल्यांत हा रिवाज अगदी बरोबर आहे आणि तो मोडू नये. कारण साधे आहे. एका बाजूला लाखांत मागितलेली नामांकित जोडी, दुसऱ्या बाजूला गरिबाने घरच्या गाईची वासरं वाढवून पळवलेली. धडक झाली तर भरपाई द्यायची असे ठरले, तर गरीब माणूस त्या नामांकित जोडीच्या शेजारच्या फाटीत उभाच राहणार नाही. मैदान मग पैसेवाल्यांचेच होईल. शिवाय चूक कोणाची हे ठरवणार कोण? बैल का ओढला, हे बैलालाच ठाऊक.

हौसेने मोटारी पळवणाऱ्यांतही हाच नियम चालतो. आपली मोटार आपल्या खर्चाने आणायची, मोडली तर आपणच उचलून न्यायची. वळणावर कोणी कोणाला घासले यावर पंच शिक्षा देतील, गुण कापतील, पण पत्रा ठोकायचे पैसे सहसा ज्याचे त्यालाच पडतात. विमाही तिथे कामाला येत नाही, त्याबद्दल पुढे लिहितो.

याला अपवाद एकच, मुद्दाम केलेल्या आगळिकीचा. कोणी जाणूनबुजून दुसऱ्याच्या फाटीत गाडी घातली, कासरा दुसऱ्याच्या बैलावर मारला किंवा दारू पिऊन गाडीवर बसला, तर ते खेळाच्या जोखमीत बसत नाही. त्याने भरून द्यावे. आमच्या त्या गावात तसे काही झालेले नव्हते. म्हणून बैलाच्या किमतीची मागणी आम्हाला पटली नाही, आणि आम्ही तसे तोंडावर सांगितले. तो गृहस्थ अजून आमच्याशी धड बोलत नाही. बैलाचा पाय गेलेल्या माणसाला हे ऐकवणे सोपे नसते.

पण ज्याने गाडी घातलीच नव्हती, त्याचे काय? खोडव्याच्या मालकाचे शब्द आम्हाला विसरता येत नाहीत. "आमी काय गाडी पळवाय गेलतो व्हय? आमी पाणी पाजत हुतो." त्याला "ज्याचं त्यानं सोसायचं" कोणत्या तोंडाने सांगायचे?

प्रेक्षकाबाबत विलायतेत एक गाजलेला खटला झाला होता. ब्रुकलँड्स हे १९०७ साली बांधलेले मोटारींच्या शर्यतीचे मैदान. १९३० साली तिथे दोन मोटारी एकमेकींना लागल्या आणि एक कठडा तोडून लोकांत गेली. दोघे मेले, कित्येक जखमी झाले. एका जखमी प्रेक्षकाने संयोजक क्लबावर दावा लावला. अपील कोर्टाने क्लबाला मोकळे सोडले. इतक्या वर्षांत तिथे असे कधी घडले नव्हते, कठडा रास्त होता आणि बघायला येणारा काही धोका समजूनच येतो, असा त्या निकालाचा मतितार्थ. काही संयोजक आज असेच बोलतात, "बघायला या म्हणून कुणी सांगितलं होतं?" पण ब्रुकलँड्सला निदान कठडा होता. आपल्याकडे ओळीने उभी माणसेच कठडा असतात. बैल उधळणे हे आपल्या मैदानावर वर्षानुवर्षे घडत आले आहे, त्यामुळे "असे होईल वाटले नव्हते" हे म्हणायला संयोजकाला तोंड नाही.

आणि नुसता बंदोबस्त आहे म्हणूनही भागत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बारमेर जिल्ह्यात राष्ट्रीय मोटार रॅलीची फेरी चालू होती. शर्यतीसाठी ठेवलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि वेगातल्या मोटारीखाली एकाच कुटुंबातले तिघे गेले. मोटार चालवणारा अर्जुन पुरस्कार मिळवलेला खेळाडू होता. चालक कितीही तरबेज असला तरी रस्त्याच्या तोंडाशी माणूस अडवणे हे त्याचे काम नव्हे. ते संयोजकाचे काम.

आता विम्याचे. बैठकीत तिघांनी तरी म्हटले, "विमा हाय की." बंधूंनो, या भरवशावर राहू नका.

बैलाचा विमा उतरवताना कागदावर तो शेतकामाचा बैल म्हणून लिहिलेला असतो. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जनावर दुसऱ्या कामाला लावले तर दावा नाकारण्याची अट त्याच कागदाच्या मागे बारीक अक्षरात असते. शर्यतीत पाय मोडलेला बैल हा शेतकामात पाय मोडलेला बैल नव्हे. कानात बिल्ला असला तरी उत्तर तेच.

ट्रॅक्टरचे तर त्याहून अवघड. अलीकडे ट्रॉली जोडून ट्रॅक्टर उलटा पळवायच्या स्पर्धा गावोगाव होतात. आपल्या सभासदांची पोरे त्यात पुढे असतात, कारण ऊसवाहतुकीने त्यांचा हात बसलेला असतो. बघायला आम्हालाही आवडते, खोटे कशाला बोलू! पण मोटार विम्यात संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी यांना संरक्षण नसते. मोटार वाहन कायद्यानेही विमा कंपनीला हा बचाव दिलेला आहे. अशा स्पर्धेत ट्रॅक्टर माणसांत गेला, तर कंपनी हात वर करू शकते, किंवा आधी जखमीला देऊन मग मालकाकडून वसूल करू शकते. आणि मालक म्हणजे कागदावर ज्याचे नाव आहे तो. पोराने ट्रॅक्टर नेला आणि नोटीस आली आईच्या नावावर, असे होऊ शकते. ट्रॅक्टरवर बँकेचा बोजा असतो आणि पुढच्या हंगामाच्या वाहतुकीची उचल घेतलेली असते, हे वेगळे सांगायला नको.

सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यूला २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा कायमचा गेला तर १ लाख. मोडून पुन्हा जुळलेल्या हाडाला त्यात काही नाही. शिवाय ज्या अपघातांना मदत मिळत नाही त्यांच्या यादीत मोटार शर्यतीतला अपघात आहे. बैलगाडी ही मोटार नव्हे, हे खरे, पण विनापरवाना शर्यतीत काही झाले तर कायदा मोडल्याचा मुद्दा निघणार नाही असे समजू नये.

राहिली ती संयोजकाची ठेव. २०१७ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धाव १,००० मीटरच्या आत ठेवावी लागते आणि ५० हजार रुपयांची ठेव किंवा बँक हमी द्यावी लागते. पुष्कळांना वाटते की ही ठेव नुकसानभरपाईची. तशी ती नाही. ती अटी पाळल्या जाव्यात म्हणून, जनावरांचा छळ होऊ नये म्हणून आहे. पोराच्या हाडाला आणि उसाच्या नळीला त्यातून काही मिळत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, बाहेरच्या माणसाचे आणि शेजारच्या पिकाचे नुकसान संयोजक मंडळानेच भरावे, आणि त्यासाठी प्रवेश फीतून पैसे आधी बाजूला काढावेत. बक्षिसे नंतर. मंडळाची पोरे म्हणतात, आम्ही खिशातून घालतो, शेवटी कर्ज होते. होते, कारण पहिले बक्षीस आधी फलकावर छापतात आणि मग वर्गणी गोळा करत फिरतात. खानापूर तालुक्यात भाळवणीच्या मैदानात २०२३ साली थार मोटार बक्षिसाला लागली, तेव्हापासून लहान गावालाही मोटारसायकलच्या खाली बक्षीस लावायची लाज वाटू लागली आहे. पहिल्या बक्षिसातून दहा हजार कमी केले तर एकही नामांकित जोडी परत जाणार नाही. आणि आपण ऊसवाले आहोत. बिलातून कपाती आधी आणि हातात पैसे नंतर, याची सवय आपल्याइतकी कोणाला आहे?

बिलावरून आठवले. अध्यक्षाच्या बिलातून कापा, ही मागणी आम्ही मान्य केली नाही. सभासदाची लेखी संमती किंवा कोर्टाचा हुकूम असल्याशिवाय असल्या कारणासाठी बिलाला हात लावता येत नाही. आज दुसऱ्याच्या बिलातून कापले तर उद्या तुमच्याही कापतील.

पिकाच्या मोजणीबाबत मात्र आम्हाला अधिकाराने बोलता येते. तुडवलेला खोडवा पहिल्या दिवशी पाहिला तर सगळे गेले असे वाटते आणि मालक एकरी पूर्ण उताऱ्याचे पैसे मागतो. तसे नसते. कोवळ्या खोडव्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतो. पाने चिरडली तरी बेट पुन्हा फुटते. म्हणून पंचनामा त्याच दिवशी करावा, फोटो काढावेत, पण आकडा वीस दिवसांनी ठरवावा. तुडवलेल्या भागात दहा-दहा मीटरच्या चार-पाच सऱ्या घ्याव्यात, फुटलेली बेटे मोजावीत, तेवढ्याच लांबीच्या न तुडवलेल्या सऱ्यांशी ताडून पाहावीत. फरक पडेल तेवढे नुकसान, अधिक नांग्या भरायच्या रोपांचा आणि मजुरीचा खर्च. ओल्या रानात मोटारसायकली फिरल्या असतील तर चाकोरीखालची माती घट्ट होते, तिथे बेटे खरोखर मरतात. तेवढी पट्टी वेगळी धरावी. नळ्या आणि जोडण्या मात्र लगेच मोजून दुकानदाराच्या बिलाप्रमाणे घ्याव्यात. त्यात वाद नसतो.

त्या रानात आम्ही वीस दिवसांनी पुन्हा गेलो. बारा गुंठ्यांतली सुमारे तीन गुंठ्यांची पट्टी कायमची गेली होती, बाकी रान हिरवे झाले होते. मालकाने मागितले होते त्याच्या चौथाईवर आकडा आला. तो थोडा हिरमुसला, पण सही केली. मंडळाने पोराच्या दवाखान्याचे अर्धे पैसे दिले आणि अर्धे पुढच्या यात्रेनंतर देतो म्हणून पारावर सर्वांदेखत कबूल केले. यंदाच्या मैदानाला दोन्ही अंगांनी बांबू बांधून दोर लावणार आहेत आणि मोटारसायकली शाळेच्या पटांगणात लावणार आहेत, असे सरपंचांनी परवा आम्हाला फोनवर सांगितले. नळ्यांचे पैसे अजून यायचे आहेत.