तुमच्या माळावर कोणते झुडूप उभे राहील?



गावचे गायरान किंवा गावामागचा डोंगर हिरवा करायचे ठरले, की रोपांची यादी बहुधा तालुक्याहून येते. अशा यादीमागे आता संगणकाने काढलेला नकाशाही असू शकतो. अमुक झुडूप इथे येऊ शकेल, असे तो सांगतो. हा नकाशा कसा तयार होतो आणि त्यावर किती विसंबावे, हे तुम्हाला ठाऊक असावे. खड्डे तुम्ही खणणार आणि उन्हाळ्यात पाणीही तुम्हीच वाहणार.

आपला तरवडच घ्या. मुरमाड माळावर पिवळा फुलणारा, शेळी सहसा ज्याला तोंड लावत नाही तो. त्याची साल पूर्वीपासून कातडी कमावायला वापरतात. तेलंगणाने तर त्याला राज्यफुलाचा मान दिला आहे. हा तरवड जिथे जिथे दिसला, त्या जागांच्या नोंदी अभ्यासक गोळा करतात. त्या प्रत्येक जागेचा पाऊस, उन्हाळा, थंडी, उंची संगणकाला देतात. मग संगणक तशाच हवापाण्याच्या इतर जागा शोधून नकाशावर रंगवतो. २००६ साली पुढे आलेली ‘मॅक्सेंट’ ही पद्धत यासाठी जगभर वापरतात. थोडक्यात, ही पत्रिका जुळवणे झाले. पण पत्रिका जुळली म्हणजे संसार झाला, असे कोणी म्हणत नाही.

आपल्या जिल्ह्याची दोन टोके सोपी आहेत. अकोल्यात घाटघर-रतनवाडीला धो धो पाऊस. तिथल्या उतारांवर कारवी वाढते आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. कर्जत-जामखेडला वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. तिथे कारवी जगणार नाही, हे सांगायला संगणक नको. खरा प्रश्न संगमनेर, पारनेर, नगर तालुक्यांच्या मधल्या डोंगरांचा आहे. नकाशा तिथेच कामाचा, आणि तिथेच तो फसवतोही.

एक तर त्याची चौकट मोठी. नेहमीच्या नकाशात ती सुमारे एक किलोमीटर लांब-रुंद, म्हणजे जवळजवळ २५० एकरांची असते. तुमच्या डोंगराची सावलीची बाजू, उन्हाची बाजू, ओढा आणि उघडा खडक, सगळ्यांना एकच रंग. एका गावी मी स्वतः असा घोटाळा केला आहे, तोही नकाशाशिवाय. करवंद काटक असते म्हणून दक्षिणेकडच्या उघड्या उतारावर रोपे लावायला लावली. पहिल्याच उन्हाळ्यात बहुतेक वाळली. ओढ्याच्या बाजूची थोडी मात्र टिकली. एक म्हातारी मला म्हणाली, “साहेब, आधी विचारायचं तरी.” ते मला आजही लागते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नकाशाला शेळी आणि कुऱ्हाड दिसत नाही. बोराटीचा पाला जनावरे आवडीने खातात, तरवड सोडून देतात. वर्षानुवर्षे चराई झाली, की माळावर तरवड उरतो आणि बोराटी खुरटत जाते. अशा माळाची नोंद होते ‘इथे तरवड आहे, बोराटी नाही’. संगणक मग धरून चालतो, की बोराटीला इथले हवापाणी मानवत नाही. वास्तविक तिला हवापाणी नव्हे, चराई नडलेली असते. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने १९९० नंतर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली. गाव अवर्षणाच्या पट्ट्यातच राहिले, पण डोंगरावर गवत-झाडोरा परतला.

म्हणून आपल्या गावात, जिथे जनावर पोचत नाही, त्या जागा आधी पाहा. देवराई, रेल्वेच्या कुंपणाची आतली बाजू, निवडुंगाच्या जाळीचा आतला भाग, कड्याची कपार. तिथे तरवडाबरोबर हेंकळ, निरगुडी, बोराटी काय काय उभे आहे? तुमच्या माळावर काय येऊ शकेल, याचा नमुना तिथे आहे. वडीलधाऱ्यांना विचारा, कोणते झुडूप पूर्वी होते आणि कधीपासून दिसेनासे झाले. शेळ्या वळणाऱ्या बायकांना तर आधी विचारा. रानाची खबर त्यांना आपल्यापेक्षा जास्त असते.

ही माहिती तोंडीच ठेवू नका. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. पुष्कळ ठिकाणी ती कपाटात पडून असते. ग्रामसभेत ती मागा. झुडूप, जागेचे नाव, उताराची दिशा, चराई आहे की बंद, एवढे लिहा. ‘पूर्वी होते, आता नाही’ हेही लिहा. बहुतेक नोंदी रस्त्याच्या कडेच्या असल्यामुळे नकाशे करणाऱ्यांना नेमकी हीच माहिती मिळत नाही.

आणि यंदा तरवडाच्या वाळलेल्या शेंगा दिसल्या तर बी काढून ठेवा. बियांचे कवच कठीण असते. पेरण्याआधी गरम पाण्यात टाकून ते पाणी निवेपर्यंत भिजवा आणि पाऊस लागताच समतल चरांच्या भरावावर टोका. त्याच भरावावर थोडी बोराटीही लावा, मात्र तेवढा तुकडा दोन-तीन वर्षे चराईला बंद ठेवायचे आधी गावात ठरवून घ्या.