कबड्डीतील दुखापत आणि घरची जबाबदारी

कबड्डी खेळताना माझ्या मुलाचा उजवा हात मनगटाजवळ मोडला. शेजारी म्हणाले, "चोळून, बांधून घ्या." आम्ही एक्स-रे काढून प्लास्टर घातले. सभासद बंधुभगिनींनो, मोडलेला हात चोळल्याने हाड आणखी सरकते; करकचून बांधल्यास रक्तपुरवठा थांबून हात कायमचा अधू होऊ शकतो. प्लास्टरनंतर हात उशीवर उंच ठेवावा, बोटे हलवीत राहावे. बोटे निळी, थंड वा बधिर झाली, वेदना वाढल्या, तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठावा.

मुलांचे असे हाड बहुधा चार ते सहा आठवड्यांत जुळते. तोवरची सेवा एकट्या आईवर किंवा शिकणाऱ्या बहिणीवर टाकू नये. प्लास्टरवर पिशवी बांधून अंघोळ मीच घालीत असे. वर्गमित्र वह्या उतरवून देत. एकही धडा मागे पडला नाही.